बटणावर चिकटपट्टी लावण्याआधी

साताऱ्याला ताईच्या घरी हॉलमधल्या स्विचबोर्डावर तिसऱ्या बटणाला खाकी चिकटपट्टी लावलेली होती. पट्टीवर बॉलपेनाने लिहिलेलं, ‘बंद करू नये’. अक्षर भाच्याचं. दिवाळीत तो पुण्याहून येताना चार स्मार्ट बल्ब घेऊन आला. दोन हॉलमध्ये, एक जिन्यात, एक माईंच्या खोलीत. माई म्हणजे ताईच्या सासूबाई, वय ब्याऐंशी. मोबाइलवर बोट फिरवलं की हॉल निळा, मग जांभळा, मग केशरी. पहिल्या रात्री शेजारची पोरं बघायला आली होती. चार दिवसांनी भाचा परत गेला, आणि पट्ट्या तेवढ्या मागे राहिल्या.

माई गेली साठ वर्षं दिवेलागणीला स्वतः बटण दाबतात आणि उजळलेल्या दिव्याकडे बघून हात जोडतात. तुमच्याही घरी कुणीतरी हे करत असेल. ट्यूब लागली की नकळत हात कपाळाला जातो. आता सात वाजले की दिवा आपसूक लागायला लागला. माई सवयीने बोर्डापाशी यायच्या, बोट पट्टीला लागायचं, आणि त्या वर बघायच्या तर दिवा लागलेलाच. एकदा मला विचारलं, “हा कुणी लावला रे?” मी म्हटलं, “नातवाने.” “तो तर पुण्याला आहे ना?” यावर काय सांगणार?

आधीच सांगतो, मी स्मार्ट बल्बांच्या विरोधात नाही. माझ्या स्वतःच्या घरी एक आहे आणि तो मला आवडतो. घ्यायचा तर खुशाल घ्या. विनंती एकच आहे. तो लावल्यानंतरही घरातल्या कुठल्याही माणसाला, मग ती आजी असो, सहा वर्षांची नात असो, धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी असोत की मुक्कामी आलेला पाहुणा असो, मोबाइल हातात न घेता आणि कुणालाही न विचारता दिवा लावता आणि मालवता आला पाहिजे. यात तडजोड करू नका. बाकी रंग, वेळापत्रकं, गाण्याच्या ठेक्यावर नाचणारा उजेड, ज्याची त्याची हौस.

पट्टी लावावी का लागते, ते समजून घेऊ. साध्या एलईडी बल्बात वीज शिरली की उजेड पडतो, संपलं. स्मार्ट बल्बात त्याच्या जोडीला एक छोटासा रेडिओ आणि एक चिप असते. ती घरच्या वाय-फायला कान लावून बसलेली असते, मोबाइलवरून हुकूम येतोय का ते ऐकत. भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बाची वीजच तुटते, कान बंद होतो, आणि अ‍ॅपमध्ये बल्बाच्या नावापुढे ‘ऑफलाइन’ असं दिसतं. म्हणजे बल्ब स्मार्ट राहायचा तर बटण कायम चालू हवं. आणि आपल्याकडे? खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं, हे लहानपणी आईचे धपाटे खाऊन शिकलेलो आपण. ते शिक्षण एका चिकटपट्टीने पुसायला निघालेला बल्ब घरात भांडण लावणारच. ताईकडे पहिल्या महिन्यात रोज एकदा तरी ऐकू यायचं, “कुणी बंद केलं ते बटण?”

बटण कायम चालू म्हणजे वीजही कायम चालू. आपल्याकडे पूर्वी झिरोचा बल्ब असायचा, आठवतो? नावाला झिरो, खायचा बारा-पंधरा वॅट. स्मार्ट बल्बाचं ‘बंद’ त्याच जातीचं. विझलेला असतानाही तो ऐकण्यापुरती वीज घेतच राहतो. युरोपीय संघाने २०२१ पासून अशा बल्बांना विझलेल्या अवस्थेत जास्तीत जास्त अर्धा वॅट अशी मर्यादा घातली आहे. तोच आकडा धरून हिशेब करू. अर्धा वॅट चोवीस तास, वर्षभर, म्हणजे साधारण ४.४ युनिट. एका बल्बाला काहीच नाही. पण घरभर दहा लावलेत तर ४४ युनिट नुसती वाट बघण्यात गेली. त्यातली खरी गंमत बाथरूममध्ये आहे. तिथला ९ वॅटचा बल्ब दिवसाला जेमतेम तासभर लागतो. पेटून त्याने खाल्ले ९ वॅट-तास, आणि उरलेले तेवीस तास विझून खाल्ले साडेअकरा. बाथरूम, माळा, अडगळीची खोली इथे स्मार्ट बल्ब लावणं म्हणजे निव्वळ हौस. वीज वाचवायला लावतोय असं तिथे तरी कुणी म्हणू नये.

आता वळवाच्या पावसाची गोष्ट.

मे महिन्यात मी ताईकडेच मुक्कामाला होतो. संध्याकाळपासून गडगडत होतं, रात्री अकराला लाइट गेली. सगळे झोपलो. पावणेतीनला लाइट आली आणि माईंच्या खोलीतला बल्ब पांढराफट्ट, पूर्ण उजेडात पेटला. माईंनी झोपताना अ‍ॅपवरून, म्हणजे ताईकडून, तो मालवून घेतला होता. गाढ झोपेत असताना डोळ्यांवर असा उजेड आला की माणूस दचकणारच. त्यांना वाटलं, कुणीतरी खोलीत शिरलंय. उठून बोर्डापर्यंत गेल्या, पण पट्टीवरच्या ‘बंद करू नये’ला मान देऊन बटण दाबलं नाही आणि काठी टेकत ताईच्या दाराशी आल्या. पावणेतीन वाजता ब्याऐंशी वर्षांची बाई नातवाच्या हस्ताक्षराचा मान राखत घरभर फिरतेय, हे मी विसरू शकत नाही.

बल्बात काही बिघाड नव्हता. लाइट जाऊन परत आली की पूर्ण उजेडात पेटायचं, असं बहुतेक स्मार्ट बल्बांना कारखान्यातूनच शिकवलेलं असतं. कारण सरळ आहे. बल्बाच्या लेखी ‘लाइट परत आली’ आणि ‘कुणीतरी भिंतीवरचं बटण दाबलं’ या दोन्ही गोष्टी एकच. दोन्हींमध्ये त्याला वीज मिळते, एवढंच त्याला कळतं. बटण दाबणाऱ्याला उजेड हवा असणार म्हणून तो पेटतो. हे बदलता येतं. अ‍ॅपमध्ये बल्बाच्या सेटिंगमध्ये जा; कुठे ‘पॉवर-ऑन’ या नावाने, कुठे ‘डू नॉट डिस्टर्ब’ या नावाने, वीज परतल्यावर काय करायचं याचे पर्याय सापडतील. ‘आधी जसा होता तसा’ हा पर्याय निवडला की मध्यरात्रीचा हा प्रकार थांबतो.

पण थांबा, इथेच खरी मेख आहे. ‘आधी जसा होता तसा’ निवडलात, रात्री अ‍ॅपवरून बल्ब मालवलात, आणि पहाटे आजींनी भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, तर बल्ब लागणार नाही. त्याला आठवतंय की तो मालवलेला होता. आजी बटण खालीवर करत राहणार, अंधार तसाच. काही बल्बांत दोनदा भरभर बटण दाबलं तर लागायची सोय असते, पण हे पहाटे चार वाजता कुणाला आठवणार आहे? म्हणजे एक तर बटण चालेल आणि लाइट आल्यावर मध्यरात्री डोळ्यांवर उजेड येईल, नाही तर झोप शाबूत राहील आणि बटण बेभरवशाचं होईल. ज्या खोलीत म्हातारं माणूस किंवा लहान मूल झोपतं आणि जिथे लाइट वरचेवर जाते, तिथे या दोन्हींतलं काहीच परवडत नाही. माझा सल्ला विचाराल तर त्या खोलीत साधाच बल्ब ठेवा.

गोष्ट अजून संपली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइटने पाच-सहा वेळा येजा केली. त्यानंतर माईंच्या खोलीतला बल्ब लुकलुकायला लागला, थांबेचना. अ‍ॅपला तो सापडेना. झालं होतं असं की बऱ्याच स्मार्ट बल्बांना नव्याने जोडायचं असेल तर बटण तीन ते पाच वेळा चालू-बंद करायची रीत असते. आपल्या लाइटने ती रीत परस्पर पार पाडली. बल्ब घरचं वाय-फाय विसरला आणि नव्या मालकाची वाट बघत लुकलुकत बसला. भाच्याला फोन केला, तो प्रवासात. शेवटी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ९ वॅटचा साधा पिनचा बल्ब आणला, स्टुलावर चढलो आणि लावला. माईंनी बटण दाबलं, दिवा लागला, हात जोडले. दुकानदाराने शंभराच्या नोटेतून सुटे परत दिले होते, हेही नमूद करतो.

आता भाचा प्रवासात होता म्हणून काम अडलं, हे जरा नीट बघा. स्मार्ट बल्ब हे बल्बापेक्षा ‘खातं’ जास्त आहे. जो मोबाइलवर पहिल्यांदा जोडतो, त्याच्या नावाने खातं उघडतं, त्याच्या ई-मेलवर पासवर्ड जातो, आणि घरातल्या दिव्याची मालकी गुपचूप त्याच्याकडे जाते. आपल्या कितीतरी घरांत हा ‘तो’ म्हणजे हिंजवडीत, बंगळुरूत नाही तर न्यू जर्सीत असलेला मुलगा. आईवडिलांच्या काळजीपोटीच त्याने हे केलेलं असतं, त्याच्या मायेवर माझा काडीचा संशय नाही. पण मुलांनो, ज्या घरात तुम्ही राहत नाही तिथल्या दिव्याचं खातं तुमच्या नावावर ठेवू नका. खातं घरात राहणाऱ्याच्या नंबरवर उघडा आणि स्वतःला पाहुणा सदस्य म्हणून जोडून घ्या. जवळपास प्रत्येक अ‍ॅपमध्ये ती सोय असते. पासवर्ड गॅसच्या पुस्तकात किंवा दूधवाल्याच्या वहीत, जिथे आईला सापडेल तिथे, ठळक अक्षरांत लिहून ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं तुम्हाला ऑफिसात शिकवलं असेल. आईच्या कपाटातल्या वहीपर्यंत चोर पोचला, तर तो बल्ब लावायला आलेला नसेल.

मायेची बाजू सांगितली, तशी दुसरीही सांगायला हवी. दुसऱ्याच्या घरातला दिवा लांबून लावता-मालवता येतो, याचा छळासाठीही वापर झालेला आहे. घर सोडून गेलेला नवरा लांबून घरातले दिवे, कुलपं, तापमान बदलत राहतो अशा बायकांच्या तक्रारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ मध्ये छापल्या होत्या. घरातली कुणी बाई ‘दिवे आपोआप लागतात-विझतात’ म्हणाली तर तिला वेड्यात काढण्याआधी खातं कुणाच्या मोबाइलवर आहे ते बघा. घर भाड्याने घेताना आधीच्या भाडेकरूचे बल्ब तसेच लटकत असतील तर तेही नव्याने जोडून घ्या, नाही तर काढून ठेवा.

इंटरनेटचं काय? बरेचसे वाय-फाय बल्ब तुमच्या मोबाइलवरचा हुकूम थेट ऐकत नाहीत. हुकूम घरातून निघतो, कंपनीच्या दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर जातो आणि तिथून परत तुमच्याच छताला येतो. सोफ्यावरून पंख्याशेजारच्या बल्बापर्यंतचा हा प्रवास कधी समुद्रापारचा असतो. मधलं काही बंद पडलं की बल्ब बहिरा. २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत अमेरिकेत मोठा बिघाड झाला, तेव्हा जगभरच्या कितीतरी घरांतली स्मार्ट उपकरणं ऐकेनाशी झाली. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन ही अमेरिकी कंपनी एकाएकी गाशा गुंडाळून बसली. ग्राहकांना कळलं ते अ‍ॅप चालेना तेव्हा. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी वर्गणी काढल्यागत एकत्र येऊन ती विकत घेतली आणि सेवा परत सुरू केली, हा भाग वेगळा. आपल्या सोसायटीतली लिफ्ट दुरुस्त करायला वर्गणी निघत नाही, बल्बासाठी कोण काढणार?

तेव्हा दुकानात गेलात की पहिला प्रश्न रंग किती आहेत हा विचारू नका. विचारा, इंटरनेट बंद असताना, घरातल्या घरात, हा चालतो का? वाय-फायऐवजी झिगबी नावाच्या रेडिओवर किंवा ब्लूटूथवर चालणारे काही बल्ब तसे चालतात. २०२२ मध्ये कंपन्यांनी मिळून आणलेली ‘मॅटर’ नावाची पद्धत त्यासाठीच आहे. तो शब्द खोक्यावर असेल तर बल्ब घरातल्या घरात ऐकतो आणि एकाच कंपनीच्या अ‍ॅपला बांधलेला राहत नाही. दुकानदाराला माहीत नसेल तर खोकं स्वतः वाचा. दुसरी बाब, आपले जुने होल्डर पिनचे, आणि ऑनलाइन पुष्कळदा आट्याचा बल्ब येऊन पडतो. तिसरी, बहुतेक वाय-फाय बल्बांना २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय कळतं. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जोडताना तासभर डोकं फोडून घ्याल आणि दोष बल्बाला द्याल. आणि जुन्या, गोल फिरवायच्या डिमरवर हा बल्ब कधीही लावू नका, तो फडफडेल आणि लवकर जाईल. बंद काचेच्या डोममध्येही जपून, आतली उष्णता चिपला सोसत नाही. इन्व्हर्टर असेल तर राऊटरही त्याच्यावर घ्या. दिवा इन्व्हर्टरवर आणि राऊटर नाही, तर बल्ब पेटता राहील, फक्त तुमचं ऐकणार नाही.

चोरीमारीबद्दल लोक मला दोन टोकांनी विचारतात. एक म्हणतो, बल्बातून कोण काय चोरणार? दुसरा म्हणतो, बल्ब आपलं बोलणं ऐकतो. साध्या स्मार्ट बल्बात मायक्रोफोन नसतो, तेव्हा दुसऱ्याने निवांत झोपावं. पहिल्याला मात्र सांगायला हवं. २०१६ मध्ये इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या आणि कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी एका इमारतीबाहेर ड्रोन उडवून आतले फिलिप्स ह्यू दिवे ताब्यात घेतले आणि त्यांना संकटाचा ‘एसओएस’ इशारा लुकलुकायला लावला. कंपनीला त्यांनी आधीच कळवलं होतं, तिने दुरुस्ती पाठवली. २०२३ मध्ये इटलीतल्या कातानिया विद्यापीठाच्या आणि लंडनच्या संशोधकांनी आणखी एका खपाच्या बल्बातून घरच्या वाय-फायचा पासवर्ड काढता येतो, हे दाखवलं. आपल्या गल्लीत कुणी ड्रोन घेऊन येणार नाही. पण ज्या वाय-फायवर तुमचं बँकेचं काम चालतं, त्याच वाय-फायवर स्वस्तातला अनोळखी बल्ब कशाला? बहुतेक राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं ‘गेस्ट’ वाय-फाय चालू करता येतं. बल्ब त्यावर ठेवा. अ‍ॅप तुमचे फोन नंबर, फोटो मागत असेल तर नाही म्हणा. दिवा लावायला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही. आणि बल्ब गेला की आधी अ‍ॅपमधून काढून टाका, जमत असेल तर कोरा करा, मग ई-कचऱ्यात द्या. मेलेल्या बल्बाच्या चिपमध्ये तुमच्या घरचा पासवर्ड शिल्लक असू शकतो.

एवढं सगळं सांगूनही माझ्या घरी एक आहे तो का, हे सांगायचं राहिलं. आमच्या शेजारच्या काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे पलंगावरून उठायचं तर कुणीतरी धरायला हवं. रात्री दिवा लावायला काकूंना उठवायचं, याचाच त्यांना संकोच. त्यांच्या खोलीत स्मार्ट बल्ब लावला आणि मोबाइल उशाशी दिला. काका म्हणाले, “निदान एवढं तरी माझं मला करता येतंय.” ते हिंडायला लागल्यावर तो बल्ब त्यांनी मला देऊन टाकला. मी तो गॅलरीत लावलाय. गावाला गेलो की संध्याकाळी लागतो, साडेदहाला मालवतो, घरात कुणी असल्यासारखं दिसतं. हातापायांनी अडलेल्या माणसाला, पडून असलेल्या रुग्णाला, रिकाम्या घराला या बल्बाचा फार उपयोग आहे. तिथे तो जरूर लावा.

बाकी ठिकाणी आधी साधे उपाय बघा. जिन्याला वर-खाली टू-वे बटण असतं, ते आपल्या वायरमनला अर्ध्या दिवसाचं काम. पलंगाच्या उशाशी लोंबणारं बटण आपल्या आजोबांच्या काळापासून आहे. रात्री उठणाऱ्यांसाठी हालचाल दिसताच लागणारा सेन्सरचा बल्ब मिळतो, त्याला ना मोबाइल लागतो ना खातं. आणि मोबाइलवरून चालवायची हौस असेलच तर बल्ब साधा ठेवून बोर्डाच्या आत बसणारा स्मार्ट स्विच घ्या. मग भिंतीवरचं बटणही चालतं आणि मोबाइलही, कुणाला पट्टी लावावी लागत नाही. त्याला बहुतेकदा बोर्डात न्यूट्रल वायर लागते. ते काम मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, मेन बंद करून. यूट्यूब बघून स्टुलावर चढू नका.

ताईकडे आम्ही हेच केलं. गणपतीला भाचा आला, तेव्हा त्यानेच वायरमनला बोलावलं. हॉलमध्ये बोर्डाच्या आत स्विच बसला, जिन्यात सेन्सरचा बल्ब, माईंच्या खोलीत मी लावलेला तो साधाच राहिला. उरलेले रंगीत बल्ब आरासीला कामी आले, गणपतीमागे पाच दिवस केशरी उजेड होता आणि छान दिसत होता. पट्ट्या भाच्याने स्वतःच सोलून काढल्या. पण खाकी पट्टीचा चिकटा बटणावर राहिलाय, माईंच्या बोटाला लागतो आणि त्या रोज संध्याकाळी हात जोडून झाले की पदराला बोट पुसतात. खोबरेल लावून पाहिलं, निघाला नाही. माई म्हणतात रॉकेलने निघेल. आता साताऱ्यात रॉकेल कुठे मिळतं, ते भाचा मोबाइलवर शोधतोय.